दुसऱ्या किल्लीचा ताबा

पहिल्या मजल्यावर भरदुपारी चोरी झाली आणि तिचा सगळ्यात जास्त त्रास तिसऱ्या मजल्यावर झाला. ज्यांच्याकडे चोरी झाली ते दोन दिवस हळहळले, त्यांनी नवीन टीव्ही आणला आणि विषय संपवला. तिसऱ्या मजल्यावर मात्र अधीक्षक राहत होते.

अधीक्षक हा त्यांचा हुद्दा, आणि तोही दोन वर्षांपूर्वी संपलेला. पण माणसं सवयीने तेच म्हणत आणि अधीक्षकांनाही ते बरं वाटे. परीक्षा मंडळात प्रश्नपत्रिका ज्या खोलीत कुलूपबंद ठेवत, त्या खोलीची जबाबदारी एकतीस वर्षं त्यांच्याकडे होती. एकतीस वर्षांत त्या खोलीतून एक कपटा बाहेर गेला नाही, हे ते कोणालाही सांगत. विचारलं नाही तरी सांगत. त्यांच्या बायकोला सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणायची, कारण आसपासची निम्मी पोरं प्राथमिक शाळेत त्यांच्या हाताखालून गेली होती. बाईही निवृत्त झाल्या होत्या, पण त्याबद्दल त्या कोणाला काही सांगत नसत.

चोरीच्या दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी स्वतःच्या दाराची रीतसर तपासणी केली. एक कुलूप, त्याच्या तीन किल्ल्या. एक त्यांच्या खिशात, एक बाईंच्या पर्समध्ये आणि तिसरी बाहेर चपलांच्या कपाटामागे खिळ्याला. ही तिसरी किल्ली गुप्त होती आणि ती कुठे असते हे दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. अधीक्षकांनी कपाळाला हात लावला आणि कुलूपवाल्याला बोलावलं.

कुलूपवाला आला तो एक गाल धरूनच. दाढ सुजली होती. बाईंना बघताच तो जरा ताठ उभा राहिला, कारण तिसरीत तो त्यांच्याच वर्गात होता. मग त्याने दार उघडून-मिटून पाहिलं, चौकटीवर बोटांनी टकटक केली आणि मान हलवली.

"कुलूप वाईट नाहीये साहेब. कुलूप ज्या पट्टीत जाऊन बसतं ना, ती पट्टी वाईट आहे. हे स्क्रू बघा, नखाएवढे. जोरात एक खांदा मारला की पट्टीसकट दार उघडणार."

अधीक्षक खूश झाले. आधी तपासणी आणि मग बोलणं, अशी माणसं त्यांना हल्ली भेटत नव्हती. कुलूपवाल्याने पट्टीला बोटभर लांबीचे स्क्रू मारले, ते चौकटीतून थेट भिंतीत गेले. बिजागऱ्यांना तसेच स्क्रू, कुलपाच्या जागी पोलादी पत्रा, बाहेरचं बघायला दारात भिंग. तीन तासांत दार असं झालं की त्यावर हात ठेवला तरी धीर येई. इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता.

"आता दुसरं कुलूप," अधीक्षक म्हणाले.

"दुसरं कशाला? हे एक पुरे आहे."

"दोन कुलपं. दोन वेगळ्या किल्ल्या. एक माझ्या ताब्यात, एक हिच्या. दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे कधीही नाहीत."

कुलूपवाल्याने गालावरचा हात काढला. "आणि एकटंच माणूस आलं तर?"

"ते आत जाऊ शकणार नाही."

"चोर नाही हो साहेब. घरचं माणूस म्हणतोय मी."

"मीही घरच्याच माणसाबद्दल बोलतोय," अधीक्षक म्हणाले.

प्रश्नपत्रिकांच्या खोलीला हाच नियम होता. दोन कुलपं, दोन अधिकारी; एकाला वाटलं तरी एकट्याने दार उघडता येत नसे, त्यामुळे मोहाला जागाच नसे. आपल्याच घरात जाण्याचा मला कसला मोह होणार, असं बाईंनी विचारून पाहिलं. नियम संशयापोटी नसतो, तो सगळ्यांना सारखा असतो, असं उत्तर मिळालं. चौतीस वर्षांच्या संसारात बाईंना एक कळलं होतं, की अधीक्षकांशी नियमावर वाद घालण्यापेक्षा पोळ्या लाटणं लवकर संपतं. त्या आत गेल्या.

दोन्ही कुलपं दार ओढलं की आपोआप लागणारी होती. आतून बाहेर पडायला किल्ली लागत नसे. बाहेरून आत यायला मात्र दोन्ही लागत. कुलपांबरोबर आलेल्या जादा किल्ल्या अधीक्षकांनी आपल्यासमोर करवतीने कापून घेतल्या. दोघेही ताबेदार समक्ष हजर असल्याशिवाय यांपैकी कोणतीही किल्ली नव्याने बनवणार नाही, असं त्यांनी कुलूपवाल्याकडून लिहून घेतलं. त्याची दाढ इतकी ठणकत होती की त्याने कशावरही सही केली असती. जाताना बाईंनी त्याला बजावलं, की समोरच्या दारात राहतात ते दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्यात जाऊन दाढ दाखव, अंगावर काढू नकोस. तो हो म्हणाला आणि घाबरून जिना उतरला.

दाराबाहेर खिळ्याला एक नोंदवही टांगली गेली. दिनांक, वेळ, दार उघडण्याचं कारण, दोघांच्या सह्या आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो रकाना अधीक्षकांनी पद्धत म्हणून आखला होता. तो कोणी भरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी लाल पेन काढलं. 'कारण' या रकान्यात त्यांनी 'दूध घेऊन आले' असं लिहिलं, आणि शेऱ्यात: 'दुसरे ताबेदार केस कापायला गेले होते. दूध नासले.'

पहिले आठ दिवस असेच गेले. मग घडी बसली. दुपारी अधीक्षक वाचनालयात जात, बाई बाजारात किंवा मैत्रिणीकडे. आणि संध्याकाळी सहाला दोघांनी दाराशी भेटायचं असं ठरलं. अधीक्षकांचं नोकरीतलं आयुष्य घरी उशिरा येण्यात गेलं होतं. परीक्षेच्या दिवसांत आठ, नऊ, आणि परीक्षा नसतील तेव्हाही आठ, कारण कुठेतरी कोणीतरी भेटे. निवृत्तीनंतर वाचनालयाच्या पायरीवर गप्पांत तेच चाललं होतं. पण आता दुसरा ताबेदार दाराशी उभा आहे म्हटल्यावर ते सहाला पाच कमी असताना गप्पा अर्ध्यावर टाकून उठू लागले. चार महिन्यांत एकदाही उशीर झाला नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचावं तर बाई पिशवी घेऊन जिन्यात उभ्या असत. आधी त्यांची किल्ली फिरे, मग अधीक्षकांची, दोघं आत जात आणि चहा होई.

मग मुलीचा फोन आला. तिची बाळंतपणाची रजा संपत होती. सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं, नात सहा महिन्यांची, आणि बाळाला सांभाळायला ठरवलेली आया ऐन वेळी नाही म्हणाली होती. आईने महिनाभर यावं. रविवारी दुपारी एक वीसची गाडी होती. ती धरली तर संध्याकाळी पोचता येत होतं. त्यानंतरची गाडी थेट मंगळवारी. बाईंनी त्याच दिवशी तिकीट काढलं आणि बॅग खाली काढली.

अधीक्षकांना नातीचा आनंद झालाच. पण आनंद झाल्याबरोबर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुझ्या किल्लीचं काय?"

"तुम्ही ठेवा."

"मी कशी ठेवीन? माझ्याकडे एक आहे."

"मग दोन होतील."

"दोन्ही एकाकडे असतील तर दोन कुलपं कशाला लावली?"

"मीही चार महिने हेच विचारतेय," बाई म्हणाल्या आणि बॅगेत लोकरीचे मोजे ठेवू लागल्या.

एका महिन्यासाठी हंगामी ताबेदार शोधणं भाग होतं. तळमजल्यावरचे गृहस्थ फार हसत, म्हणून बाद झाले. दुसऱ्या मजल्यावर माणसं भली होती, पण नऊ होती. उरले समोरचे दातांचे डॉक्टर. एकटा माणूस, बोलणं मोजकं, हत्यारं उकळून ठेवण्याची सवय. डॉक्टरांना आधी ही थट्टा वाटली. मग अधीक्षकांनी त्यांच्या हातात दोन पानी सूचनापत्र ठेवलं, आणि ते वाचता वाचता डॉक्टरांचा चेहरा गंभीर होत गेला. दुसऱ्या दिवशी ते काही ओळींखाली रेघा मारूनच आले.

"कलम तीन मला पटलं," ते म्हणाले. "ताबेदाराने किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये, स्वतः हजर राहून स्वतः फिरवावी. आणि दोन्ही ताबेदारांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय हलू नये. असं पाहिजे."

अधीक्षकांना भरून आलं. आपल्यामागेही कोणीतरी आहे, असं त्यांना बऱ्याच दिवसांनी वाटलं.

रविवार उजाडला. डॉक्टरांचा दवाखाना रविवारीही चाले आणि ते साडेनऊला निघत, म्हणून ताबा देण्याचा कार्यक्रम सव्वानऊला ठेवला होता. तो दाराबाहेर व्हायचा होता, कारण नोंदवही तिथे होती आणि लाखेचा वास घरात चालणार नाही असं बाईंनी सांगितलं होतं. अधीक्षक मेणबत्ती, काडेपेटी, लाखेची कांडी आणि पाकीट घेऊन बाहेर आले. बाई चष्म्याचं घर घेऊन आल्या. सही करायला चष्मा लागे. किल्ली पाकिटात गेली, पाकीट बंद झालं, त्यावर लाख ओघळली आणि जुन्या कोटाच्या पितळी बटणाचा ठसा उमटला. नऊ चाळीसला बाईंनी ताबा दिल्याची सही केली, डॉक्टरांनी घेतल्याची. डॉक्टर पाकीट छातीशी धरून जिना उतरले.

सगळं यथासांग पार पडलं. अधीक्षकांनी मेणबत्ती विझवली, वही खिळ्याला अडकवली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने दार ओढून घेतलं. मग दोन्ही कुलपं लागली की नाही हे दार हलवून पाहिलं.

"दोन्ही नीट लागलीत," ते समाधानाने म्हणाले.

 "माझी बॅग आत आहे," बाई म्हणाल्या. "तिकीटही."

डॉक्टरांना फोन लावला. ते हातमोजे चढवले की फोन उचलत नसत. टॅक्सी करून दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि खुर्चीत एक माणूस तोंड उघडून पडला होता. तो कुलूपवाला होता. चार महिने धीर गोळा करून तो आज आला होता, आणि भुलीचं इंजेक्शन नुकतंच दिलं होतं. बाईंना बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी त्याला परत झोपवलं.

अधीक्षकांनी घडलं ते थोडक्यात सांगितलं, आपला भाग जरा जास्तच थोडक्यात, आणि किल्ली मागितली.

"चिठ्ठी?" डॉक्टरांनी विचारलं.

अधीक्षकांनी तिथल्याच कागदावर चिठ्ठी लिहिली, सही केली आणि पेन बाईंच्या हातात दिलं.

"बाईंची सही चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या नऊ चाळीसपासून ताबेदार नाहीत. सही तुमची आणि माझी लागेल. मी करतो." त्यांनी हातमोजा काढला, सही केली, नवीन हातमोजा घातला. "आता ही दाढ काढली की मी स्वतः येतो. पाऊण तास."

"अहो डॉक्टर, एक वीसची गाडी आहे. नुसती किल्ली दिलीत तरी चालेल."

डॉक्टर हसले. ते क्वचित हसत. "साहेब, तुम्ही माझी परीक्षा घेताय हे कळतंय मला. कलम तीन."

 ते कलम अधीक्षकांनी स्वतः लिहिलं होतं, आणि ज्याने रेघ मारून पाठ केलं त्यालाच ते मोडायला सांगायचं होतं. एकीकडे घामाने सदरा भिजत होता, आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटत होता. बाईंना तो अभिमान दिसला आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. कुलूपवाला खुर्चीतून हातवारे करत होता, की माझं राहू द्या, मी पुन्हा येईन. त्याचं कोणी ऐकलं नाही.

पाऊण तासाची दाढ सव्वा तासाने निघाली. मुळं वाकडी होती. निघताना बाईंनी कुलूपवाल्यालाही टॅक्सीत घेतलं, लागलाच तर असू दे म्हणून. गालात कापूस कोंबलेला, जीभ बधिर. त्याने मान डोलावली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बारा वाजून गेले. डॉक्टरांनी आधी लाखेचा ठसा सगळ्यांना दाखवला, मग फोडला, किल्ली काढली, बाईंच्या कुलपात घालून फिरवली आणि नियमाप्रमाणे एक पाऊल मागे सरले. आता अधीक्षकांची पाळी.

अधीक्षकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. मग पॅन्टच्या उजव्या खिशात. मग डाव्या. मग पुन्हा सदऱ्याच्या. तिथे फोन होता, काडेपेटी होती, लाखेची उरलेली कांडी होती आणि पितळी बटण होतं. किल्ली आत टेबलावर होती, बाईंच्या बॅगेशेजारी. हात मोकळे करायला त्यांनी ती सकाळी तिथे ठेवली होती. दोन पानी सूचनापत्रात दुसऱ्या किल्लीवर अकरा कलमं होती. पहिलीवर एक ओळही नव्हती, कारण ती त्यांच्याकडे असणार होती.

 कुलूपवाल्याने पुढे होऊन कुलूप पाहिलं, पोलादी पत्र्यावर बोट टेकवलं आणि दहाही बोटं चार वेळा उघडली-मिटली. चाळीस मिनिटं. शिवाय ड्रिल दुकानात. हे दाखवताना त्याला वाईट वाटत होतं, पण आपलं काम इतकं पक्कं झालं आहे याचा आनंदही काही त्याला लपवता येत नव्हता.

स्टेशन अर्ध्या तासावर होतं. अधीक्षक पायरीवर बसले. एकाएकी म्हातारे दिसू लागले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझी गाडी जाणार. पोरगी उद्या काय करेल? माझ्यामुळे झालं हे."

चौतीस वर्षांत हे वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, पुन्हा एकदा ऐकू येतं का बघावं तशा. मग त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, चष्मा पुसायच्या फडक्याखालून एक किल्ली काढली, अधीक्षकांच्या कुलपात घातली आणि दार उघडलं.

डॉक्टर नोंदवही वाचू लागले. कुलूपवाल्याने छताकडे नजर लावली.

"ही कुठून आली?" अधीक्षक पायरीवरून उठले. "याने मला लिहून दिलं होतं, दोघं हजर असल्याशिवाय..."

"अं," कुलूपवाला म्हणाला आणि बाईंकडे बोट दाखवलं.

"तिसरीत माझ्या वर्गात होता तो," बाई म्हणाल्या. "दूध नासलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्या किल्लीवरून करून घेतली. माझी स्वतःची होतीच माझ्याकडे. आज ती डॉक्टरांना दिली आणि ही एकटीच उरली, म्हणून एवढी पळापळ. तुमची तुमच्या खिशात असेल असं मला वाटलं."

त्या आत गेल्या आणि बॅग घेऊन दोन मिनिटांत बाहेर आल्या. अधीक्षकांनी आपली किल्ली टेबलावरून उचलून खिशात टाकली. मग त्यांच्याच काडेपेटीने आणि त्यांच्याच लाखेने डॉक्टरांनी दुसरी किल्ली पुन्हा मोहोरबंद केली आणि दवाखान्याकडे पळाले. तिथे तीन रुग्ण खोळंबले होते. दार ओढलं गेलं. या वेळी ते कोणी हलवून पाहिलं नाही.

टॅक्सीत अधीक्षक बोटांवर महिने मोजत होते. स्टेशन दिसू लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "चार महिने तुझ्याकडे दोन्ही किल्ल्या होत्या?"

"होत्या."

"मग रोज सहाला जिन्यात का उभी राहायचीस? आत जाऊन बसायचं की."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी आत असते तर तुम्ही आठलाच आला असतात," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सहाचा चहा आपण दोघांनी मिळून कधी प्यायलाय? आठवा."

अधीक्षक आठवू लागले. गाडी सुटेपर्यंत त्यांना आठवलं नाही. डबा हलताना बाईंनी खिडकीतून सांगितलं, की आता तरी डॉक्टरांकडून ती किल्ली मागून घ्या. पद्धतीत दोष नव्हता, दोष माणसात होता, असं अधीक्षक म्हणाले. पण तोवर खिडकी पुढे गेली होती.

दुपार त्यांनी वाचनालयात काढली. सहाला पाच कमी असताना ते उठले आणि ठीक सहाला तिसऱ्या मजल्यावर पोचले. जिन्यात कोणी नव्हतं. समोरच्या दाराला कुलूप होतं. डॉक्टर आठला येत, हे सूचनापत्रात त्यांनीच लिहिलं होतं. पाय मात्र सवयीने सहालाच आले होते.

सात वाजता फोन वाजला. मागे नात काहीतरी आपटत होती. बाई सुखरूप पोचल्या होत्या.

"तुम्ही पोचलात ना घरी?"

"पोचलो."

"आत आहात?"

अधीक्षकांनी थोडा विचार केला. "जिन्यात आहे," ते म्हणाले. "डॉक्टर आठला येतात. तासभर झाला बसून."

 पलीकडून बाईंचा आवाज आला, शांत, वर्गातल्या नव्या मुलाशी बोलताना असतो तसा.

"बसा. पहिली काही वर्षं जड जातात. मग सवय होते."

आणि नात रडू लागली म्हणून त्यांनी फोन ठेवला.